रेगिस्तान सगळ्यांकडे आहे, बस स्टँड कुणाकडे आहे?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण पिक्चर पोस्टकार्डांवरून आहे, म्हणजे बहुतेकांच्या लेखी भांडायच्या लायकीचा विषयच नव्हे. तरी वाचा. शेवटी गोष्ट आपल्या गोव्यापर्यंत येणार आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी नंदेसरीला जाऊन आलो. नंदेसरी कुठे, असं डिचोलीत निघताना चार जणांनी विचारलं. बडोद्याहून छाणी जकात नाक्यावरून आणंदच्या दिशेने निघालं की आधी रणोली लागतं, मग नंदेसरी. रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, तिथले लोक नुसतं 'जीआयडीसी' म्हणतात. रिक्षावाल्याला फार विचारावं लागत नाही, नाकाला कळतं गाव जवळ आलं म्हणून. माझा मावसभाऊ तिथल्या एका कारखान्यात आहे, आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे 'बडोद्याचे काका', आता त्याच्याकडेच राहतात. मावशी गेली. काका पंच्याऐंशीचे झाले. घर लहान, नातवाला अभ्यासाला कोपरा हवा, म्हणून काकांची पोस्टकार्डं विकायची ठरली होती. मला फोन आला तो त्यासाठीच. "तू लिहितोस वगैरे, कार्डवाल्याशी नीट बोलशील."

ही कार्डं साधीसुधी नव्हेत. बुटांच्या तीन खोक्यांत सहाशेच्या वर कार्डं, आणि सगळी एकाच मुलखाची. उझबेकिस्तानची!

बडोद्याच्या मराठी माणसाकडे उझबेकिस्तान आला कुठून? तर कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने उभी राहिली, 1965 साली सुरू झाली. काका तिथे पंचविशीत नोकरीला लागले. आजूबाजूला रशियन इंजिनियर. 11 जानेवारी 1966 च्या सकाळी रेडिओवर बातमी आली की ताश्कंदला शास्त्रीजी गेले. आदल्याच दिवशी अयुबखानांबरोबर करारावर सही झालेली. पाळीवर सगळे सुन्न. काकांनी बरोबरच्या रशियनाला विचारलं, हे ताश्कंद आहे तरी कसं? दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून एक कार्ड काढून दिलं. झाडांची रांग असलेला एक रुंद रस्ता, ट्राम, आणि टोपी घातलेला एक म्हातारा रस्ता ओलांडतोय. बस, एवढंच. काका म्हणतात, "मला वाटलं होतं काहीतरी राजवाडा वगैरे दाखवेल. तर हे आपल्या रावपुऱ्यासारखंच निघालं!"

तिथून नाद लागला. त्याच वर्षी 26 एप्रिलला ताश्कंदला भूकंप झाला. सुमारे 3 लाख माणसं बेघर झाली आणि सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांनी मिळून शहर नव्याने बांधायला घेतलं. काका पेपरात वाचत होते आणि कार्डांत बघत होते. मग ताश्कंदच्या एका शाळामास्तरणीशी पत्रमैत्री जमली. मोडक्या इंग्रजीत पत्रं, प्रत्येक पत्रात दोनचार कार्डं. मावशी त्यांना 'तुमची ताश्कंदची' म्हणायची. तिकडून समरकंद येई, इकडून लक्ष्मीविलास पॅलेस जाई. हे 1992 पर्यंत चाललं. देश मोडला, मग पत्ताही मोडला.

आता भांडणाकडे.

कार्डवाला मुंबईहून आला. माणूस वाईट नव्हता, आपल्या धंद्यात हुशार होता. त्याने खोकी उघडली आणि पत्ते पिसावेत तशी दोन ढीग करायला लागला. उजवीकडे समरकंदचं रेगिस्तान, तिन्ही मदरसे, गूर-ए-अमीर ही तैमूरची कबर, बुखाऱ्याचा कल्याण मिनार, खीव्याची तटबंदी. डावीकडे बाकी सगळं. अर्ध्या तासात निकाल! उजवा ढीग जेमतेम दीडशेचा. त्याचे तो पैसे देणार होता, आणि बरे देणार होता. डाव्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे रद्दीत घाला साहेब. बिल्डिंगी आहेत नुसत्या. कोण घेणार?"

मी तो डावा ढीग उचलून मांडीवर घेतला. ताश्कंदचं मुख्य टपाल कार्यालय. विमानतळ. उघड्या पुस्तकासारखं दिसणारं, 1974 सालचं 'उझबेकिस्तान' हॉटेल. कापडगिरणी. भाजीबाजार. एका शाळेची इमारत, समोर पोरं. मेट्रोची स्टेशनं. आणि चिलनझार या वस्तीतल्या चारमजली इमारती, एकसारख्या, कंटाळवाण्या, मध्ये कपडे वाळत घातलेले. त्या कार्डावर निळ्या शाईने एक बारीक बाण काढला होता, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे.

"हे तिचं घर," काका म्हणाले.

कार्डवाल्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. "पेन मार्क आहे. कंडिशन गेली."

मंडळी, माझं डोकं फिरलं ते इथे!

नीट विचार करा. रेगिस्तानचा फोटो आज कुणाकडे नाही? रेगिस्तान या शब्दाचा अर्थ वाळूची जागा. ती जागा आज दर तासाला हजार मोबाइलांत जाते. उलुगबेगाचा मदरसा 1420 साली पुरा झाला, शेरदार 1636 ला, तिल्ला-कारी 1660 ला. ते उभे आहेत, उद्याही असतील, सरकार रंगरंगोटी करून ठेवतंय. (दुरुस्ती जरा जास्तच झाली अशी तक्रार जाणकार करतात, ती वेगळी.) त्यांना आमच्या काकांच्या खोक्याची गरज नाही. गरज आहे ती डाव्या ढिगाला, कारण डाव्या ढिगातल्या गोष्टीच पुसल्या जातात.

पुरावा हवा? त्याच ढिगातली दोन कार्डं. ताश्कंदच्या मधोमध एक गोल बाग आहे. एका कार्डात तिच्या मध्यभागी कार्ल मार्क्सचं भलंमोठं डोकं आहे, भोवती जुनी चिनार झाडं. मार्क्सच्या आधी तिथे स्टालिन होता, स्टालिनच्या आधी झारचा सेनापती कॉफमन. 1993 साली मार्क्स गेला आणि घोड्यावर बसलेला तैमूर आला. आणि 2009 मध्ये, एका नोव्हेंबरात, ती सगळी जुनी झाडं तोडून टाकली. सावलीत बसून बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे हे कुणी विचारलं नाही. आता ती सावली कुठे आहे? आमच्या काकांच्या खोक्यात आहे. तैमूरचा पुतळा काय, बघायला कधीही जाता येईल.

मेट्रोचं घ्या. मध्य आशियातली पहिली मेट्रो, 1977 साली सुरू झाली. संगमरवर, झुंबरं, अंतराळवीरांच्या नावाचं एक स्टेशन निळ्या रंगात बुडवलेलं. युद्धात आसरा म्हणून वापरायची जागा, त्यामुळे 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती. म्हणजे चाळीस वर्षं सामान्य माणसाला त्या स्टेशनांची आठवण घरी न्यायची झाली तर सरकारी कार्डाखेरीज दुसरं साधन जवळजवळ नव्हतं. आणि आमचा कार्डवाला म्हणतो, बिल्डिंगी आहेत नुसत्या!

कार्डांची मागची बाजू तर आणखी मजेची. छापील किंमत कोपेकमध्ये, किती प्रती छापल्या तो आकडा, मॉस्कोच्या 'प्लानेता'चं नाव, कधी ताश्कंदच्याच प्रकाशनाचं. नाव रशियनमध्ये आणि उझबेकमध्ये, दोन्ही एकाच रशियन लिपीत. उझबेक भाषा आधी अरबी लिपीत होती, 1929 ला रोमीत गेली, 1940 ला रशियन लिपीत, आणि 1993 ला कायदा करून पुन्हा रोमीकडे वळली. म्हणजे आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही. लिपीवरून आपल्याकडे जे गळे काढले जातात (दोन्ही बाजूंनी, मी कुणालाच सोडत नाही), त्यांनी ही कार्डं एकदा उलटी करून बघावीत.

आता एक शहाणा आक्षेप येणार, तो मीच मांडतो. ही सगळी सोव्हिएत जाहिरातबाजी होती ना? होतीच! त्या ढिगात कापूस वेचणाऱ्या हसऱ्या मुलींची कार्डं किती आहेत विचारू नका. त्या कापसासाठी अमूदर्या आणि सीरदर्या या दोन्ही नद्यांचं पाणी वळवलं, आणि अरल समुद्र 1960 नंतर आटत आटत गेला. मुयनाक नावाचं मासेमारीचं बंदर होतं, तिथल्या बोटी आज वाळवंटात गंजताहेत. शाळाकॉलेजातल्या पोरांना वर्ग सोडून कापूस वेचायला नेत, तेही स्वखुशीने नव्हे. कार्डात यातलं काही नाही. सगळे हसताहेत.

पण म्हणून कार्ड फेकायचं? मी उलट म्हणतो. खोटं बोलण्यासाठी का होईना, त्यांना कापसाचं शेत चौकटीत घ्यावं लागलं. गिरणी घ्यावी लागली. कामगारांच्या चाळी घ्याव्या लागल्या. खोटं एकदा छापलं की पन्नास वर्षांनी कुणीतरी ते समोर ठेवून विचारू शकतो, की बाबांनो, हे असं होतं का? जे छापलंच नाही त्याला जाब कसला विचारणार?

काकांच्या ढिगात नवोई नावाच्या शहराची कार्डं आहेत. 1958 साली वाळवंटात वसवलेलं शहर. खाणी, खतांचा कारखाना, चिमण्या. म्हणजे थेट नंदेसरीचा मोठा भाऊ म्हणा ना! त्या शहराचीसुद्धा कार्डं निघाली. रुंद रस्ता, नव्या इमारती, कारंजं. आणि ती मी कुठे बसून बघत होतो? नंदेसरीत. खिडकीबाहेर खऱ्या चिमण्या. या गावाचं एक कार्ड कुणी कधी काढलंय? बडोद्याची काढली, गायकवाडांच्या काळापासून, राजवाडा, न्यायमंदिर, कीर्तिमंदिर, संग्रहालय. सुंदरच आहेत. पण ज्या कारखान्यांनी त्या जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि त्याच वेळी जमिनीतलं पाणी नासवलं, त्यांचं? सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा पन्नासहून जास्त किलोमीटरचा कालवा तिथे 1983 पासून आहे. एखाद्या नदीइतकी लांबी, पण त्याचं चित्र कुणी पाहिलंय? जून 2022 मध्ये नंदेसरीतल्या एका कारखान्यात मोठी आग लागली, आसपासच्या शेकडो लोकांना हलवावं लागलं, तेव्हा नंदेसरीचे फोटो सगळीकडे आले. मावसभाऊ म्हणाला, "आमच्या गावाचा फोटो यायला गाव जळावं लागतं."

हसून म्हणाला. मला हसू आलं नाही.

आता आपल्या अंगणात या.

परत आल्यावर मी पणजीत, म्हापशात आणि मडगावात दुकानं धुंडाळली. पिक्चर कार्डं विकणारी दुकानं उरलीत थोडी, पण आहेत. कळंगुट आहे, पाळोळे आहे, बाँ जेझूची बासिलिका आहे, मंगेशीची दीपमाळ आहे, दूधसागर आहे, नारळाचं झाड आणि मागे बुडता सूर्य तर दहा तऱ्हांनी आहे. मी विचारलं, डिचोलीचं काय आहे? साखळीचं? वाळपईचं? सावर्ड्याचं? दुकानदार माझ्याकडे असा बघत राहिला की मी उझबेकिस्तानचंच मागतोय. मग म्हणाला, "दर्या नासल्यार कोण घेता तें?"

समुद्र नसेल तर कोण घेतं! अख्ख्या गोव्याचं धोरण त्याने एका वाक्यात सांगितलं.

माझ्या पिढीचा डिचोलीकर लाल धुळीत वाढला. शाळेचा सदरा कधी पांढरा नव्हताच. ट्रकांची रांग, मांडवीत खनिज भरलेल्या बार्जी, जेटीवरचे ढीग, आणि त्या ट्रकांच्या हप्त्यांवर उभी राहिलेली घरं. 2012 ला खाणी बंद पडल्या. मग सुरू झाल्या, आणि 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजं रद्द केल्यावर पुन्हा बंद. खाणी चांगल्या की वाईट यावर मी इथे बोलत नाही, त्यावर आधीच पुष्कळ भांडून झालंय. माझं म्हणणं इतकंच की साठ वर्षं गोवा ज्यावर जेवला त्याचं एक कार्ड पर्यटनवाल्यांनी काढलं नाही, दुकानदारांनी काढलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. पोर्तुगिजांच्या काळातल्या कार्डांत निदान मुरगावचं बंदर तरी सापडतं. आम्ही मुक्त झाल्यावर नुसते सुंदर झालो!

आणि याहून जिव्हारी लागणारी गोष्ट सांगतो. सांगे तालुक्यातलं कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणात गेलं. धरणाच्या आधी तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून धरणापाशी नेऊन पुन्हा उभं केलं. उत्तम केलं, माझा त्याला नमस्कार. पण हिशेब बघा. जे 'बघण्यासारखं' होतं ते वाचलं. घरं, वाटा, तुळशीवृंदावनं पाण्याखाली गेली, आणि आता दर मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीकर आपापल्या जोत्यांवर जाऊन उभे राहतात. इथे आमची ओसरी होती, इथे न्हाणी होती, असं बोटाने दाखवतात. कुर्डीच्या गावरस्त्याचं, दुकानाचं, शाळेचं एखादं छापील पिक्चर कार्ड कुणाकडे असेल तर मला दाखवा. मी सांग्यापर्यंत चालत येईन.

म्हणजे कार्डवाल्याने नंदेसरीच्या त्या खोलीत जे दोन ढीग केले, तेच आम्ही सगळीकडे करत आलोय. देऊळ उजवीकडे, गाव डावीकडे.

मार्टिन पार नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने 1999 साली 'बोअरिंग पोस्टकार्ड्स' नावाचं पुस्तकच काढलं. हमरस्ते, मोटेल, विमानतळाची उपाहारगृहं, सगळी खरीखुरी छापलेली कार्डं. लोक आधी हसले. पण इंग्लंडमध्ये निदान ती छापली तरी गेली होती, म्हणून त्याला गोळा करता आली. आमच्याकडचा पार जन्माला आला तरी गोळा काय करणार? बुडता सूर्य?

काही मित्र म्हणतात, आता मोबाइल आहे, सगळ्याचे फोटो निघतात, कार्डांचं काय घेऊन बसलास. बरं. तुमच्या मोबाइलातला 2009 सालचा एक फोटो आत्ता काढून दाखवा. मी थांबतो. ...नाही ना सापडत? काकांचं 1966 चं कार्ड पहिल्या खोक्यात, पहिलं आहे.

आणि कार्ड म्हणजे नुसता फोटो नव्हे. ते कुणीतरी कुणाला तरी पाठवतो. चिलनझारच्या त्या बाईंनी लाखभर लोकांसाठी छापलेल्या एका सरकारी चित्रावर एक बाण काढला आणि ते चित्र आपल्या मालकीचं केलं. सरकार सांगत होतं, बघा आम्ही किती घरं बांधली. ती सांगत होती, यातलं हे माझं. पेन मार्क म्हणे! माझ्या मते त्या सहाशे कार्डांत सर्वांत मोलाचं तेच होतं, आणि संग्रह करणाऱ्या मंडळींची किंमत ठरवायची जी पद्धत आहे, कोरं ते महाग आणि लिहिलेलं ते स्वस्त, ती मला कधीच पटली नाही, पटणारही नाही. ज्यांना कोरंच हवं त्यांनी वह्या गोळा कराव्यात.

असो. व्यवहार काय झाला ते सांगतो. उजवा ढीग कार्डवाला घेऊन गेला. मी अडवलं नाही, नातवाच्या टेबलाचे पैसे त्यातून निघाले. काकांनी त्यातलं एक मात्र मागे ठेवलं, शेरदार मदरशाचं, ज्याच्या कमानीवर वाघ आणि वाघाच्या पाठीवर माणसाच्या तोंडाचा सूर्य आहे. "तुझ्या मावशीला हे आवडायचं," म्हणाले. डावा ढीग मी घेऊन आलो. डिचोलीत माझ्या कपाटात आहे. बघायला कुणीही यावं, चहा मिळेल.

आल्यावर मी एक उद्योग केला. आमच्या बस स्टँडचा फोटो काढला, कदंबाच्या दोन बशी, पावावाला, एक कुत्रा आणि मागे आमच्या इमारतीची कडा, असा. जाड कागदावर छापून घेतला, मागे काकांचा पत्ता लिहिला आणि तिकीट लावून पेटीत टाकला. बारा दिवसांनी उत्तर आलं. पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड, अक्षर थरथरतं.

"कार्ड पोचले. छान आहे. तुझी खिडकी कोणती ते कळले नाही. बाण काढायचा राहिला का?"